ट्रान्झिस्टरचं टोपडं

एकदा एक वृद्ध कारागीर एका घाटाच्या पायथ्याशी मोटरसायकली दुरुस्त करून राहत असे. अशा कथांमध्ये एरवी आश्रम असतो, पर्णकुटी असते, अंगणात हरणं चरत असतात. इथे पत्र्याची शेड होती, बाहेर जुन्या टायरांचा ढीग होता, आणि चरायला आलीच तर शेजारच्यांची शेळी येई, तीही सीटचं कव्हर खायला. म्हाताऱ्याला सारा परिसर ‘वस्ताद’ म्हणून ओळखत असे. त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. शिष्य म्हणजे पोरसवदा नव्हे, तिशी गाठलेला, मिशा राखणारा, वाचन असलेला गृहस्थ. या दोघांची नावं मी सांगणार नाही, तशी या कथांची रीत नाही. एका तिसऱ्या माणसाचं नाव मात्र सांगणार आहे, कारण ही सगळी कथा त्याच्या नावावर लागलेल्या बट्ट्याची आहे.

तर मोटरसायकलच्या हँडलवरचं बटण असतं नाजूक, आणि हेडलाईटला लागतो भरपूर करंट. तो सगळा बटणातून नेला तर बटण जळतं. म्हणून मध्ये रिले नावाची एक डबी बसवतात. बटणाने तिला नुसता निरोप द्यायचा. मग आतली लोखंडी पट्टी ‘टक्’ असा आवाज करून चिकटते आणि बॅटरीचा मोठा करंट परस्पर दिव्याकडे जातो. या घाटात बारा महिने पहाटेचं धुकं. त्या ओलाव्याने रिलेचे सांधे गंजत. म्हणून वस्तादांनी एक पद्धत पाडली होती. सायकलीच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापायचा, तो रिलेवर ओढायचा आणि रबराच्याच पट्टीने गच्च आवळायचा. तान्ह्या मुलाला घालतात तसं ते दिसे, म्हणून शेडमध्ये त्याला ‘टोपडं’ म्हणत. टोपडं घातल्याशिवाय आणि कान लावून ‘टक्’ ऐकल्याशिवाय तिथून एकही गाडी बाहेर पडत नसे.

शिष्य कष्टाळू होता, पण त्या ‘टक्’चा त्याला मनातून कंटाळा होता. कुठेतरी वाचून, कुठून कुठून सुटे भाग मागवून, त्याने रिलेच्या जागी ट्रान्झिस्टर बसवण्याची युक्ती जमवली. अंगठ्याच्या नखाएवढा तो काळा तुकडा रिलेचं सगळं काम मुकाट्याने करत असे. त्यात पट्टी नाही, सांधा नाही, म्हणजे गंजायलाही काही नाही. बाकावर त्याने बॅटरी, दिवा आणि पाठीला ॲल्युमिनियमचा छोटा पत्रा लावलेला ट्रान्झिस्टर असं सगळं मांडून वस्तादांना दाखवलं. दिवा झगझगीत लागला.

वस्तादांनी तो तुकडा तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला.

“हा बोलत नाही का रे?”

“बोलायची गरजच नाही, वस्ताद. आत हलणारं काही नाहीच.”

“बरं,” वस्ताद म्हणाले, “लाव. पण लक्ष ठेव.” म्हाताऱ्या माणसांना नव्याचं कौतुक नसतं असं आपण उगाच म्हणतो. वस्तादांना त्या दिवशी शिष्याचा अभिमान वाटला होता, आणि तो त्यांनी शेजारच्या चहावाल्याला बोलूनही दाखवला.

आता ते नाव. सर्जेराव हा पाववाला होता. गावातल्या भट्टीतून पहाटे पाव उचलायचे, प्लास्टिकच्या जाळ्या मोटरसायकलला मागे बांधायच्या आणि घाटातल्या वाड्यावस्त्यांवर चहाच्या वेळेला पोचवायचे, हा त्याचा धंदा. हात आखडता म्हणून गावात त्याची चेष्टा होई. एकच टायर चार वेळा शिवून घेणारा माणूस. पण शेडवर आला की शिष्यासाठी एक गरम पाव फडक्यात गुंडाळून आणल्याशिवाय राहत नसे. त्याच्या गाडीचा रिले कुरकुरायला लागला. बटण दाबलं की एकदा ‘टक्’ व्हायच्या ऐवजी टकटकटक सुरू होई आणि दिवा मिचमिचे.

“तुझं ते नवीन कायतरी आलंय म्हनं, न बोलनारं,” सर्जेराव म्हणाला. “ते बसीव की मला. आमच्या घरात आबा बोलत्यात तेवढं पुरं हाय.”

शिष्याने त्याच्या गाडीत ट्रान्झिस्टर बसवला. फार मन लावून बसवला. तारांचे जोड दोनदा तपासले, पत्रा घट्ट आवळला. आणि सर्जेराव रोज धुक्यातून जाणारा माणूस, या काळजीने ट्यूबचा चांगला जाड तुकडा निवडून त्या सगळ्यावर, पत्र्यासकट, टोपडं चढवलं. एकाने भागेना म्हणून वरून दुसरं चढवलं. पट्टी इतकी गच्च आवळली की पाण्याचा थेंब काय, वारासुद्धा आत जाऊ नये.

तिथेच चूक झाली. ती कोणा बेपर्वा माणसाने केली नव्हती, जीव लावणाऱ्याने केली होती.

काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग पावसाळ्याच्या तोंडावर एका पहाटे घाटात इतकं धुकं उतरलं की सर्जेरावाला एरवीचा रस्ता फार हळू कापावा लागला. दिवा रोजच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जळत राहिला. खिंड ओलांडून उतार लागला आणि एका वळणावर समोरचा रस्ता एकाएकी नाहीसा झाला. उजाडल्यावर वरच्या वस्तीतली माणसं चहाला पाव का आले नाहीत म्हणून बघायला निघाली, तेव्हा दरीच्या उतारावर जिकडेतिकडे पाव विखुरलेले होते. सर्जेराव त्यांच्याही खाली होता.

तपासणारे आले. त्यांनी विझलेला दिवा पाहिला आणि जमलेल्यांनी जे सांगितलं ते ऐकून घेतलं. जमलेल्यांचं तर आधीच ठरलं होतं. हा चिक्कू माणूस, बॅटरी वाचवायला उतारावर लाईट बंद करून आला असणार. पहिल्यांदा कोणीतरी हे अंदाजाने म्हणालं, दुपारपर्यंत ते प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगितलं. आठवडाभरात मेलेल्या माणसाला नवं नाव मिळालं, ‘बिनलाईट सर्जेराव’. त्याचा बाप, गावाचे आबा, त्यांनी तर दुःखापेक्षा राग धरला. दारात कोणी आलं की म्हणायचे, “बॅटरी वाचीवली आन जीव घालीवला. असलं पोर देवानं द्यावं कशाला?” सर्जेरावाची बायको तेवढी सांगत राहिली की ते लाईट लावूनच जातात, मी रोज दारातनं बघते. तिचं कोणी मनावर घेतलं नाही. बायकोच ती, असं म्हणणारच, असं लोक म्हणाले. मग तिनेही सांगायचं सोडलं.

गाडी शेडवर आली ती चेपून गेलेल्या डब्यासारखी. वस्ताद त्या दिवशी नातेवाइकांकडे गेले होते. शिष्याने एकट्यानेच ती पाहिली. हँडलवरचं बटण चालूवर होतं. दिवा शाबूत होता. बॅटरीला थेट जोडल्यावर तो लख्ख लागला. मग शिष्य ट्रान्झिस्टरकडे वळला. त्याने चाकूने टोपडं कापलं, तसा आतून करपल्याचा वास आला. ट्रान्झिस्टरला मधोमध तडा गेला होता आणि पाठीमागचा पत्रा काळा पडला होता.

त्याला एका क्षणात सगळं कळलं. पत्रा आतली उष्णता बाहेर टाकण्यासाठी असतो हे त्याने पुस्तकात वाचलं होतं, बाकावर पाहिलं होतं, आणि नंतर स्वतःच्या हाताने त्या पत्र्याला दोन-दोन टोपडी घातली होती. त्याने तो तुकडा सोडवून खिशात टाकला आणि गाडीवर ताडपत्री ओढली.

दहाव्याला तो वस्तादांबरोबर नदीवर गेला होता. न जाऊन कसं चालेल? पिंड ठेवला, माणसं बाजूला झाली. कावळे आले, समोरच्या बाभळीवर बसले, पण एकही खाली उतरेना. मेलेल्याची काही इच्छा राहिली असली की असं होतं, अशी आपल्याकडची समजूत आहे; मग जवळची माणसं पुढे होऊन एकेक शब्द देतात. चुलता म्हणाला, पोरांकडं बघतो. मेहुणा म्हणाला, घराला कमी पडू देणार नाही. आबा मात्र रागाने म्हणाले, “चिकट मेला, अजून कशात जीव अडाकलाय तुझा?” ऊन चढलं, तरी कावळे नुसते बघत राहिले. शिष्य मागच्या रांगेत उभा होता. खिशातल्या तुकड्यावर त्याची मूठ होती. कोणता शब्द हवा आहे ते तिथे त्याच्या एकट्याच्या पोटात होतं, आणि तो पुढे झाला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावून कार्य उरकलं.

त्यानंतर शिष्य कामावर येत राहिला. काम बिनचूक करी. पण बोलणं बंद झालं, जेवणाचा डबा तसाच परत जाऊ लागला, डोळ्याला डोळा लागेना. आपण उजेडाचं काम करणारे आणि आपल्या हाताने एका माणसापुढे अंधार झाला, हे त्याच्या मनातून हलायला तयार नव्हतं. त्याहून वाईट ते दुसरं. तो माणूस तर गेलाच, आता त्याचं नाव रोज थोडं थोडं जात होतं, आणि ते आपण मुकाट बघतो आहोत. सांगावं तर कोणत्या तोंडाने? सांगून तो परत येणार होता थोडाच? अशा विचारांना तळ नसतो. शिष्य त्यात खाली खाली जात राहिला, आणि बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसे की माणूस अलीकडे फार शांत झाला आहे.

वस्तादांनी हे सगळं पाहिलं आणि पाऊस ओसरेपर्यंत काही विचारलं नाही. मग उघडीप पडल्यावर एके दिवशी भर दुपारी त्यांनी शेडबाहेर बाक आणून ठेवला, त्यावर बॅटरी ठेवली, एक हेडलाईट ठेवली, आणि शिष्याच्याच खणातला एक ट्रान्झिस्टर पत्र्यासकट मध्ये जोडला. दिवा लावला आणि समोर स्टूल घेऊन बसले. डोक्यावर आग ओकणारं ऊन, आणि हा म्हातारा हेडलाईट लावून तिच्याकडे बघत बसलेला. रस्त्याने जाणारे थांबू लागले. चहावाला दोनदा येऊन पाहून गेला.

कापडाचा एक व्यापारी आपली स्कूटर न्यायला आला होता. तो हसून म्हणाला, “काय वस्ताद, आज सूर्य कमी पडला वाटतं?”

“कमी पडलाय खरा,” वस्ताद म्हणाले. “एका माणसाला दिसेनासं झालंय. तुमची गाडी संध्याकाळी देतो, शेटजी.”

व्यापारी डोक्याला हात लावून निघून गेला. दिवा तसाच जळत होता. बऱ्याच वेळाने वस्ताद उठले, ट्यूबचा एक तुकडा घेतला आणि जळत्या दिव्याच्या त्या ट्रान्झिस्टरवर, पत्र्यासकट, टोपडं चढवलं. वरून दुसरं चढवलं. पट्टी आवळली आणि पुन्हा बसले.

शेडच्या आत स्पोक आवळत असलेल्या शिष्याचा हात थांबला. तो बाहेर आला आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला. दोघेही दिव्याकडे बघत होते. वरून रबर जसंच्या तसं, नीटनेटकं दिसत होतं. मग एकाएकी दिवा गेला.

“काही ऐकू आलं?” वस्तादांनी विचारलं.

“नाही.”

“मलाही नाही.”

त्यांनी टोपडं कापलं. तोच करपट वास आला. शिष्याने खिशातला तुकडा काढून बाकावर ठेवला. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी पडले होते, दोघांनाही मधोमध तडा होता.

“तुम्हाला कधी कळलं?” त्याने विचारलं.

“त्या दिवसापासून तू एकाही रिलेला टोपडं घातलं नाहीस. इतक्या गाड्या उघड्या गेल्या शेडमधून. हाताला लागलेली सवय माणूस उगाच सोडत नाही. मग मी ताडपत्री उचलून पाहिली, तर खाली दोन टोपडी कापून पडलेली.” वस्ताद म्हणाले. मग त्यांनी नवा ट्रान्झिस्टर घेतला, मोठ्या पत्र्याला आवळला, उघडाच ठेवला, आणि दिवा पुन्हा लावला. “यावर बोट ठेव.”

शिष्याने ठेवलं. पत्रा तापत होता, पण बोट ठेवता येत होतं.

“ऐक आता. एकदाच सांगतो,” वस्ताद म्हणाले. “रिले निरोप्या आहे. करंट त्याच्या अंगातून वाट काढत नाही, नुसता दार उघडून देतो तो. बिघडला की आधी चार दिवस कुरकुरतो, सगळ्या गल्लीला कळतं. त्याला टोपडं चालतं. हा तसा नाही. हा स्वतः करंटमध्ये उभा राहतो, जे जातं ते याच्या अंगातून जातं, आणि हा तक्रार करत नाही. म्हणून याची पाठ उघडी लागते. तू त्याला जपायला गुंडाळलंस. मी गुंडाळायला शिकवलं, पण ते रिलेसाठी होतं, एवढं सांगायचं माझ्याकडून राहिलं. ते मी माझ्याबरोबर घेऊन जाईन. पण सगळा पावसाळा मी बघतोय, तू स्वतःलाही तेच घातलंयस. दोन-दोन टोपडी. आणि तू रिलेच्या जातीचा नाहीस, लेका. तू एक दिवस विझशील तेव्हा मला आवाजसुद्धा येणार नाही. या म्हाताऱ्याला त्याचीच भीती वाटते.”

“सांगितलं तर तो परत येईल?” शिष्याने विचारलं.

“नाही.”

“मग माझं ओझं तरी हलकं होईल?”

“तेही नाही. पत्रा लावल्याने करंट कमी होतो का? उष्णता जाते कुठे? पत्र्यात जाते. पत्रा तापतो. ज्याला सांगशील त्याला चटका बसणार, हे धरूनच जा.”

“मग कशासाठी जाऊ?”

वस्तादांनी जळत्या दिव्याकडे बोट केलं. उन्हात तो जेमतेम दिसत होता. “सर्जेरावाची लाईट गावाच्या डोक्यात अजून बंद आहे. ती चालू होती हे ठाऊक असलेला माणूस जगात एकच. तो विझला की कायमची बंद.”

“तुम्ही याल बरोबर?”

“मी आलो तर तू माझ्या मागे उभा राहशील,” वस्ताद म्हणाले. “नदीवर उभा होतास तसा.”

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर शिष्य सर्जेरावाच्या घरी गेला. अंगणात पावाच्या रिकाम्या जाळ्या पालथ्या घातल्या होत्या आणि त्यांखाली कोंबडीची पिल्लं कोंडली होती. आबा ओसरीवर वाखाचा दोर वळत बसले होते.

“ये रं. गाडीचं म्हनत असशील तर भंगारात घाल. मी मागंच सांगितलं हुतं.”

शिष्य ओसरीवर न चढता खाली जमिनीवर बसला. खिशातून तुकडा काढून त्याने आबांच्या पायाशी ठेवला.

“आबा, सर्जेरावची लाईट चालू होती.”

दोर वळणारे हात थांबले. शिष्याने सगळं सांगितलं. बटण कुठे होतं, दिवा कसा लागला, तुकडा कसा जळला, तो कोणी गुंडाळला होता. एकही शब्द वाचवला नाही. सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला होता की आबांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

“म्हंजे त्यानं लाईट लावली हुती.”

“होय, आबा.”

“तुला कवा कळलं?”

“गाडी शेडवर आली त्याच दिवशी.”

“म्हंजे दहाव्याला तुला म्हाईत हुतं.”

“होय.”

“तू मागं उभा हुतास. मी बघितला हुता तुला.” आबा म्हणाले. “कावळं तुझी वाट बघत बसलं हुतं रं. आन मी माझ्या पोराला शिव्या देत हुतो. मेलेल्या पोराला. पिंडासमोर.”

म्हाताऱ्याने हातातला अर्धा वळलेला दोर सोडून दिला आणि तो आपोआप उलटा फिरत सुटत गेला.

सर्जेरावाची बायको केव्हाची तरी चौकटीत येऊन उभी होती. ती हळूच पुढे आली, खाली वाकली आणि तो काळा तुकडा तिने बोटांत धरून पाहिला.

“येवढंसं?” ती म्हणाली. शिष्याने मान हलवली. मग ती सासऱ्यांकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, रडणंही नव्हतं, फक्त पुष्कळ दिवसांनी बोलणाऱ्या माणसाचा घोगरेपणा होता. “मी सांगत हुते, आबा. मी दारातनं बघायची. वरच्या वळणापतूर लाईट दिसायची, मग डोंगराआड जायची. त्या दिवशीबी दिसली हुती. धुक्यात पिवळी पिवळी.”

“व्हय,” आबा म्हणाले. “तू सांगत हुतीस.”

तेव्हा शिष्य रडला. पावसाळाभर आवळून धरलेलं सगळं एकदम सुटलं. मोठ्याने, लाज सोडून, जमिनीला हात टेकून तो रडला. जाळ्यांखालची पिल्लं घाबरून ओरडू लागली. त्याला कोणी उठवलं नाही आणि कोणी पाठीवरून हात फिरवला नाही. आबा त्याच्याकडे बघत राहिले, आणि त्यांच्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर एक नवीनच दुःख चढत चाललं होतं, जे सकाळपर्यंत तिथे नव्हतं. रागात एक प्रकारची ऊब असते, तिच्यावर माणूस कसेबसे दिवस काढतो. त्यांच्याकडची तीही आज गेली होती.

“माफी मागू नगंस,” बऱ्याच वेळाने आबा म्हणाले. “द्यायला माझ्याकडं न्हाई. उद्या तोंडानं दिली तरी आतनं व्हायची न्हाई. रडायचं तर आत्ताच रडून घे. बाजाराच्या दिवशी पारावर उभा ऱ्हाऊन हेच समद्यांस्नी सांगायचं हाय तुला, तवा आवाज असा फुटला तर मागच्यांना ऐकू जायाचं न्हाई.”

सुनेने पाण्याचा तांब्या आणला आणि तो दोघांच्या मध्ये ठेवला. आधी आबा प्याले. मग शिष्य प्याला.

बाजाराच्या दिवशी तो पारावर उभा राहिला आणि त्याने सांगितलं. आबा सगळ्यात पुढे बसले होते. काही लोक खाली बघू लागले, काहींनी शिष्याला नको नको ते बोलून घेतलं, आणि त्यानंतर बरेच दिवस शेडकडे गाड्या येईनाशा झाल्या. वस्ताद रोज शेड उघडत, झाडत, आणि बाकावर शिष्याच्या शेजारी बसून राहत. एका संध्याकाळी शिष्याला जाणवलं की वस्ताद अलीकडे डब्यातली भाकरी अर्धीच खातात, आणि पत्रा तापतो म्हणजे काय ते त्याला तेव्हा समजलं. त्याने आपल्या डब्यातली भाजी त्यांच्यापुढे सरकवली आणि दोघांनी चार घास खाल्ले.

नाव मात्र पूर्ण पुसलं गेलं नाही. लोकांच्या तोंडात बसलेलं नाव सहसा निघत नाही. आजही त्या बाजारात कोणीतरी सहज बोलता बोलता ‘तो आपला बिनलाईट’ म्हणून जातो. आबा तिथे असले तर हातातला दोर वळणं थांबवून मान वर करतात आणि म्हणतात, “चालू हुती.” एवढंच म्हणतात, आणि पुन्हा दोर वळायला लागतात.